शेअर्ड फोल्डरची परमिशन फाइल तयार होतानाच ठरवा

एका सर्व्हरवर पाच-सात जण काम करतात, सगळ्यांचा मिळून एक फोल्डर असतो, आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी येऊन सांगतं की अमक्याची फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. मग अ‍ॅडमिन पूर्ण फोल्डरवर ‘सीएचमॉड -आर ७७७’ (परमिशन बदलून सगळ्यांना सगळी मुभा देणारी कमांड) चालवतो आणि तक्रार मिटते. दोन दिवसांनी तीच तक्रार परत. कारण साधं आहे: ती कमांड त्या क्षणी फोल्डरमध्ये असलेल्या फाइलींना लागली. त्यानंतर जन्मलेली प्रत्येक नवी फाइल पुन्हा ६४४ होऊनच आली, म्हणजे मालक सोडून बाकीच्यांना ती फक्त वाचता येते.

लिनक्सवर फाइलची परमिशन फाइल तयार होते तेव्हा ठरते. नंतर ती बदलण्याचा हक्क दोघांनाच, फाइलच्या मालकाला आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरला. ग्रुपमधल्या सहकाऱ्याला त्या फाइलीत लिहिण्याची पूर्ण मुभा असली, तरी तिच्यावर सीएचमॉड चालवता येत नाही. त्यामुळे एकाची चुकीच्या परमिशनची फाइल दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही आणि सगळं ओझं अ‍ॅडमिनवर येतं. शेअर्ड फोल्डर नीट चालवायचा असेल तर लक्ष दुरुस्तीकडे नको, फाइल जन्मते त्या क्षणाकडे हवं.

उदाहरणासाठी दिवाळी अंकाचं काम घेऊ. उबुंटू किंवा डेबियनचा सर्व्हर, संपादन, मांडणी आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांची वेगवेगळी लॉगिन, आणि ‘/एसआरव्ही/अंक’ हा सामायिक फोल्डर. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या इंग्रजीतच टाकायच्या. अक्षर कॅपिटल हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘-आर’ मधला आर सगळीकडे कॅपिटल.

ग्रुप आधी

रूट म्हणून:

ग्रुपअ‍ॅड अंक
जीपासडब्ल्यूडी -ए मांडणी अंक
एमकेडिर /एसआरव्ही/अंक
सीएचजीआरपी अंक /एसआरव्ही/अंक
सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/अंक

दुसऱ्या ओळीत ‘मांडणी’ या युजरला ‘अंक’ ग्रुपमध्ये घेतलं. बरेच जण यासाठी ‘यूजरमॉड -एजी’ वापरतात (जी कॅपिटल). ती कमांड चालते, पण त्यातला ‘ए’ विसरला तर त्या युजरचे बाकीचे सगळे जादा ग्रुप पुसले जातात आणि फक्त ‘अंक’ उरतो. तो युजर सूडो ग्रुपात (रूटच्या अधिकाराने कमांड चालवू शकणाऱ्यांच्या ग्रुपात) असेल तर त्याचं सूडोही गेलं. एका अक्षराची इतकी मोठी किंमत असेल तर जीपासडब्ल्यूडी बरी.

आता एक गोष्ट हमखास नडते. ग्रुपची यादी लॉगिन होताना प्रोसेसला मिळते आणि पुढे त्या प्रोसेसमधून जन्मणाऱ्या सगळ्यांना वारशाने जाते. मांडणीवाला आधीपासून लॉगिन असेल तर त्याच्या चालू सेशनला नव्या ग्रुपचा पत्ताच नसतो. त्याने नुसतं ‘आयडी’ टाकलं तर चालू प्रोसेसचे ग्रुप दिसतात. ‘आयडी मांडणी’ असं नावासकट टाकलं तर डेटाबेसमधले ग्रुप दिसतात. पहिल्यात ‘अंक’ नाही आणि दुसऱ्यात आहे, म्हणजे सेशन शिळं आहे: लॉगआउट करून परत यायचं. टीमक्स (लॉगआउटनंतरही टर्मिनलचं सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी टीमक्सचा सर्व्हरही बंद करायला हवा, नाहीतर परत लॉगिन करूनही जुनंच सेशन जोडलं जातं. पार्श्वभूमीला चालणाऱ्या सर्व्हिसचंही तसंच, रीस्टार्टशिवाय तिला नवा ग्रुप मिळत नाही.

२७७० मधला २

मागचे तीन आकडे ओळखीचे आहेत: वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. मालक, ग्रुप आणि इतर, असे तीन हिस्से. डिरेक्टरीवर मात्र या अक्षरांचे अर्थ बदलतात आणि निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात. डिरेक्टरीवर ‘आर’ म्हणजे आतली नावं पाहता येणं. ‘एक्स’ म्हणजे आत शिरून नावाने फाइलपर्यंत पोचता येणं. ‘डब्ल्यू’ म्हणजे आत नवी नोंद करणं, जुनी काढणं, नाव बदलणं, आणि त्यासाठी ‘एक्स’ही सोबत लागतो. फाइल डिलीट करणं हे फाइलीवरचं काम नाही, ते डिरेक्टरीवरचं काम आहे. म्हणून तुमच्या डिरेक्टरीत रूटच्या मालकीची ४०० परमिशनची फाइल असली, जी तुम्हाला वाचताही येत नाही, तरी ती तुम्हाला डिलीट करता येते.

सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी बिट. डिरेक्टरीवर तो असला की आत तयार होणारी फाइल बनवणाऱ्याच्या प्राथमिक ग्रुपऐवजी डिरेक्टरीचा ग्रुप घेते, आणि आत बनणाऱ्या नव्या डिरेक्टरीवर तोच बिट आपोआप चढतो. ‘एलएस -एलडी’ मध्ये ग्रुपच्या ‘एक्स’च्या जागी ‘एस’ दिसतो. तो कॅपिटल दिसला तर खालचा ‘एक्स’ गायब आहे असं समजावं, आणि ग्रुपमधल्यांना आत शिरता येणार नाही. आणखी एक बारकावा: ग्नूच्या सीएचमॉडने डिरेक्टरीवर नुसतं ७७० दिलं तर हा बिट जात नाही, मुद्दाम काढायचा असेल तर ‘जी-एस’ म्हणावं लागतं. हे सोयीचंच आहे.

यूमास्क: फक्त काढून घेतो

सेटजीआयडीने ग्रुप बरोबर आला, पण ग्रुपला लिहिता येईल याची हमी तो देत नाही. ते यूमास्कवर, म्हणजे नव्या फाइलीतून कोणत्या परमिशन काढून घ्यायच्या त्या सेटिंगवर ठरतं. बहुतेक प्रोग्राम नवी फाइल ६६६ मागून बनवतात आणि कर्नल त्यातून यूमास्कचे बिट वजा करतो. यूमास्क ०२२ असेल तर ६४४ उरतं, म्हणजे ग्रुप फक्त वाचू शकतो. ००२ असेल तर ६६४. शेअर्ड फोल्डरवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा यूमास्क ००२ हवा.

त्याने होम फोल्डरमधल्या फाइली उघड्या पडतील अशी भीती असते. डेबियन, उबुंटू आणि रेड हॅटच्या कुळात प्रत्येक युजरचा प्राथमिक ग्रुप त्याच्याच नावाचा, त्याच्या एकट्याचा असतो. तिथे ग्रुपला लिहू देणं म्हणजे स्वतःलाच लिहू देणं, त्यामुळे ००२ निर्धास्त ठेवावा. ही वाटणी मुळात याच कामासाठी केलेली आहे. सगळ्यांचा प्राथमिक ग्रुप एकच असेल अशा सर्व्हरवर मात्र ००२ लावू नये. ‘आयडी’ टाकून ‘जीआयडी’समोर काय आहे ते आधी पाहा.

यूमास्क कुठे लिहायचा हाही प्रश्न आहे. ‘.बॅशआरसी’ मध्ये लिहिलेला फक्त टर्मिनलच्या शेलला लागतो, क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांना) नाही, डेस्कटॉपवरून उघडलेल्या प्रोग्रामला नाही. पॅमचं (लॉगिन सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) ‘पॅम_यूमास्क’ मोड्यूल सेशनच्या फाइलीत लावलं की तो लॉगिनपासूनच लागू होतो. सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिसला तिच्या युनिट फाइलीत ‘यूमास्क=०००२’ (यू आणि एम कॅपिटल) अशी ओळ लागते. एसएफटीपीसाठी (एसएसएचवरून फाइली चढवण्याची पद्धत) एसएसएचडीच्या, म्हणजे एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘इंटर्नल-एसएफटीपी -यू ०००२’.

तरीही एसएफटीपीने चढवलेली फाइल कधी कधी ६४४च येते. ओपनएसएसएचचा क्लायंट स्थानिक फाइलीची परमिशन सोबत पाठवतो: तिकडे ती ६४४ असेल तर इथेही ६४४च मागितली जाते आणि यूमास्कला देण्यासारखं काही नसतं. यूमास्क काढून घेतो, घालत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची बरीच कोडी सुटतात.

सीपी आणि एमव्ही

शेअर्ड फोल्डरमध्ये चुकीच्या ग्रुपची फाइल दिसली तर पहिला संशय एमव्हीवर (मूव्ह) घ्यावा. सीपी (कॉपी) नवी फाइल बनवते, त्यामुळे सेटजीआयडीचा नियम लागतो. एमव्ही एकाच पार्टिशनवर फक्त नाव हलवते. फाइल तीच, मालक तोच, ग्रुपही जुनाच. संपादकाने होममध्ये लेख लिहून तो एमव्हीने ‘अंक’मध्ये टाकला की फाइलीचा ग्रुप त्याचा खासगी ग्रुपच राहतो आणि मुद्रितशोधकाला तिच्यात लिहिता येत नाही. पार्टिशन वेगळी असली तरी सुटका नाही, कारण तिथे एमव्ही नक्कल करते आणि मग जुना मालक, ग्रुप, परमिशन परत बसवते. ‘सीपी -पी’, ‘सीपी -ए’ आणि ‘आरसिंक -ए’ यांचाही तोच बाणा. म्हणून काम करणाऱ्यांना एक साधी सवय लावावी: या फोल्डरमध्ये आणताना कॉपी करा, मूव्ह नको. एकदा आत आलेली फाइल आतल्या आत हलवायला हरकत नाही.

साध्या सीपीतही एक अट आहे. ती मूळ फाइलीची परमिशन मागून नवी फाइल बनवते. मूळ ६०० असेल तर नक्कलही ६००.

एसीएल, आणि त्यातला मास्क

सगळ्यांचा यूमास्क हातात नसेल तर डिफॉल्ट एसीएल (परमिशनची जादा, तपशीलवार यादी) लावावा:

सेटएफएसीएल -डी -एम जी::आरडब्ल्यूएक्स,ओ::- /एसआरव्ही/अंक

डिरेक्टरीवर डिफॉल्ट एसीएल असला की आत तयार होणाऱ्या फाइलींना यूमास्क लागतच नाही, त्या जागी हा एसीएल लागतो. खाली बनणाऱ्या डिरेक्टऱ्यांनाही तो वारशाने जातो. फोल्डर रिकामा असतानाच लावलेला उत्तम, नंतर लावला तर आधीच्या उपफोल्डरांवर ‘-आर’ने वेगळा चढवावा लागतो.

समजा मुद्रितशोधकांनी फक्त वाचावं आणि दुरुस्त्या वेगळ्या फाइलीत द्याव्यात असं ठरलं. मग त्यांचा ‘शोधन’ हा वेगळा ग्रुप आणि त्यासाठी नावानिशी नोंद, एकदा डिरेक्टरीवर आणि एकदा ‘-डी’ लावून डिफॉल्टमध्ये: ‘जी:शोधन:आर-एक्स’. नावानिशी नोंद आली की ‘मास्क’ नावाची आणखी एक ओळ आपोआप येते, आणि इथे अनुभवी माणसंही चकतात. मास्क म्हणजे मालक आणि इतर सोडून बाकी सगळ्यांवरची कमाल मर्यादा. कोणी ६४४ची फाइल सीपीने आत आणली की मागितलेल्या परमिशनचा ग्रुपचा हिस्सा मास्कमध्ये जातो आणि ‘गेटएफएसीएल’ असं दाखवतं:

यूजर::आरडब्ल्यू-
ग्रुप::आरडब्ल्यूएक्स #इफेक्टिव्ह:आर--
ग्रुप:शोधन:आर-एक्स #इफेक्टिव्ह:आर--
मास्क::आर--
अदर::---

ग्रुपच्या ओळीत तिन्ही अक्षरं दिसतात, तरी लिहिता येत नाही. खरी परमिशन ‘इफेक्टिव्ह’ पुढे आहे. एसीएल असलेल्या फाइलीवर ‘एलएस -एल’ शेवटी अधिकचं चिन्ह दाखवतं आणि मधली तीन अक्षरं मग ग्रुपची नसतात, मास्कची असतात. तसंच अशा फाइलीवर ‘सीएचमॉड जी-डब्ल्यू’ केलं तर ग्रुपची नोंद हलत नाही, मास्क आवळला जातो आणि नावानिशी दिलेल्या सगळ्यांचं लिहिणं एका फटक्यात बंद होतं. यावर माझं मत स्पष्ट आहे: एकाच ग्रुपने भागत असेल तर नावानिशी नोंदी टाळा. सेटजीआयडी, यूमास्क ००२ आणि वर दिलेला साधा डिफॉल्ट एसीएल एवढ्यावर बहुतेक ठिकाणचं काम चालतं. यूमास्क ००२ यासोबतही हवाच, कारण मग मूळ फाइलीच ६६४ असतात आणि सीपीची अडचण उरत नाही.

स्टिकी बिट कुठे नको

एकमेकांच्या फाइली चुकून डिलीट होऊ नयेत म्हणून ३७७० करावं (सेटजीआयडीच्या २मध्ये स्टिकी बिटचा १ मिळवून) असा सल्ला सर्रास मिळतो. ‘/टेम्प’ची १७७७ ही परमिशन त्याच जातीची: डिलीट करणं किंवा नाव बदलणं फाइलीच्या मालकाला, डिरेक्टरीच्या मालकाला आणि रूटलाच जमतं. नुसत्या फाइली जमा करण्याच्या फोल्डरला हे योग्य आहे. एकत्र संपादनाच्या फोल्डरला नाही. कित्येक प्रोग्राम सेव्ह करताना शेजारी नवी फाइल लिहितात आणि तिला जुन्या फाइलीचं नाव देतात. ‘सेड -आय’ आणि आरसिंक हेच करतात. स्टिकी बिट असला की दुसऱ्याच्या फाइलीवर हे नामांतर अडतं.

त्यातून नव्या कर्नलमध्ये ‘एफएस.प्रोटेक्टेड_रेग्युलर’ नावाचं सेटिंग आहे, लिनक्स ४.१९ पासून. त्याची किंमत २ असेल तर ग्रुपला लिहिता येणाऱ्या स्टिकी डिरेक्टरीतही दुसऱ्याच्या फाइलीत ‘>>’ने भर घालायला गेल्यास ‘परमिशन डिनाइड’ येतं, फाइल ६६४ असली तरी. परमिशनकडे तासभर पाहिलं तरी कारण सापडत नाही. ‘सिसकंट्रोल’ने ही किंमत पाहावी.

गुप्त गोष्टी, म्हणजे उदाहरणार्थ लेखकांच्या मानधनाचा हिशोब, ‘अंक’च्या पोटात वेगळा फोल्डर करून ठेवू नयेत. ‘अंक’वर ज्याला ‘डब्ल्यू’ आहे तो आतल्या ‘मानधन’ फोल्डरचं नाव बदलू शकतो आणि त्याच नावाचा आपला फोल्डर तिथे ठेवू शकतो, जुन्यात डोकावता येत नसलं तरी. पुढचा हिशोब मग कुठे पडेल ते सांगायला नको. ‘/एसआरव्ही/मानधन’ असा शेजारी, स्वतःच्या ग्रुपचा फोल्डर करा.

विंडोजवाले सांबातून येतात तेव्हा

मांडणी करणारे बहुधा विंडोजवर असतात आणि फोल्डरला सांबातून (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) जोडतात. सांबाचा ‘क्रिएट मास्क’ मुळात ०७४४ असतो. तो ग्रुपचा ‘डब्ल्यू’ उडवतो, लिनक्सच्या बाजूला यूमास्क काहीही असो. शेअरच्या विभागात एवढं असावं:

व्हॅलिड यूजर्स = @अंक
फोर्स ग्रुप = अंक
क्रिएट मास्क = ०६६०
फोर्स क्रिएट मोड = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०
फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०

मास्क काय काढायचं ते ठरवतो, फोर्स काय घालायचंच ते. बदल केल्यावर ‘टेस्टपार्म’ चालवून मगच सर्व्हिस रीलोड करावी, आणि विंडोजवरचं जुनं कनेक्शन तोडून परत जोडावं. शेअरवर लिहिण्याची परवानगी आणि फाइल सिस्टमवरची परमिशन, दोन्ही दारं उघडी असतील तरच लिहिता येतं. एकच पाहून ‘सगळं बरोबर आहे’ म्हणू नये.

बिघडलेला फोल्डर सावरताना

‘सीएचमॉड -आर ७७०’ने प्रत्येक मजकुराची फाइल चालवण्याजोगी होते आणि ६६० दिलं तर डिरेक्टऱ्यांमध्ये शिरता येत नाही. उपाय म्हणजे कॅपिटल एक्स: ‘सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स’, शेवटचा एक्स कॅपिटल. तो डिरेक्टऱ्यांवर आणि आधीच कोणाला तरी चालवता येणाऱ्या फाइलींवरच ‘एक्स’ चढवतो. मग ‘फाइंड’ने फक्त डिरेक्टऱ्या निवडून ‘जी+एस’. ग्रुपसाठी ‘सीएचजीआरपी -आर’.

७७७ला विरोध करण्याचं कारण केवळ तत्त्व नाही. तो चुकून कोणाच्या होमवर चालला की एसएसएचडी त्याची लॉगिनची ‘की’ (पासवर्डऐवजीची किल्ली) नाकारते, कारण होम आणि ‘.एसएसएच’ फोल्डर इतरांना लिहिता येण्याजोगे असलेले तिला चालत नाहीत. खासगी कीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. आणि तो ‘/ईटीसी’वर चालला तर ‘सूडोअर्स’ सगळ्यांना लिहिता येतं म्हणून सूडो बंद पडतं, म्हणजे दुरुस्त करण्याचं साधनच गेलं.

तपासणीची सुरुवात संदेशापासून करावी. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे वाटेत कुठेतरी आर, डब्ल्यू किंवा एक्स कमी आहे. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणजे काम मालकाचं आहे आणि तुम्ही मालक नाही, किंवा स्टिकी बिट आडवा आला, किंवा फाइलीवर बदल-बंदीचा झेंडा आहे, जो ‘एलएसएटीटीआर’ दाखवतं.

मग ‘नेमआय -एल’ आणि पूर्ण पाथ. ती मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक पायरीची परमिशन एकाखाली एक दाखवते आणि ‘एक्स’ कुठे तुटला ते लगेच दिसतं. उबुंटूत २१.०४ पासून नवं होम ७५० असतं. तिथल्या फाइलीची सिमलिंक (दुसऱ्या जागेच्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली तर इतरांना ती लिंक दिसते, पण उघडत नाही.

शेवटी ‘सूडो -यू मांडणी टच /एसआरव्ही/अंक/चाचणी’. सूडो डेटाबेसमधले ताजे ग्रुप घेते. हे जमलं आणि मांडणीवाल्याला स्वतःच्या सेशनमधून जमत नसेल, तर परमिशन बरोबर आहेत आणि शिळं लॉगिन हेच कारण. फोल्डर एनएफएसवरून (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचा फोल्डर जोडण्याची पद्धत) येत असेल तर आणखी एक शक्यता उरते: नेहमीच्या पद्धतीत क्लायंट जास्तीत जास्त १६ जादा ग्रुप पाठवू शकतो. एखादा युजर वीस ग्रुपांत असेल आणि ‘अंक’ त्या १६त बसला नाही, तर सर्व्हरच्या लेखी तो ‘अंक’मध्ये नाहीच. सर्व्हरवर माउंटडीला (एनएफएसच्या जोडण्या सांभाळणारी सर्व्हिस) ‘मॅनेज-जीआयडीज’ चालू केलं की तो ग्रुप स्वतःच्या यादीतून पाहतो. त्यासाठी युजर आणि ग्रुपांचे क्रमांक दोन्ही मशीनवर सारखे असावे लागतात.